‘ग्रॉइन पेन’वर थांबू नका: पुरुषांच्या जननेंद्रियांच्या दुखण्याचं कोडिंग, नव्या कोडरसाठी

पुण्यात, नवी मुंबईत अमेरिकन हॉस्पिटलांच्या चार्टवर, म्हणजे रुग्णांच्या नोंदींवर, काम करणाऱ्या मेडिकल कोडिंगच्या टीम आहेत. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये मांडायचे, म्हणजे त्यावरून विमा कंपनीकडे बिलाचा क्लेम जातो, हे त्यांचं काम. बी.फार्म., बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग असं शिकून आलेली मुलंमुली ट्रेनिंग संपवून प्रॉडक्शनला बसतात, आणि इमर्जन्सी किंवा युरॉलॉजीची क्यू (चार्टची रांग) मिळाली की पुरुषांच्या जननेंद्रियांच्या दुखण्याचे चार्ट समोर येतात. विषय लहान आहे, कोड मोजकेच आहेत. तरी ऑडिटला बसलं की चुका ठरलेल्या जागीच सापडतात. हा लेख त्या जागांबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. दुखण्याचा कोड कमी प्रतीचा नसतो. डॉक्टरांना कारण सापडलेलं नसेल तर दुखण्याचाच कोड बरोबर, आणि सापडलं असेल तर तोच कोड चूक. यातलं काय झालंय ते चार्टमध्ये शोधायचं, आपल्या डोक्यात नाही. नवीन कोडर हुशार असतो, लक्षणं वाचून त्याला आजार कळतो, आणि तिथेच तो डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसतो.

इथे कोडची अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत. सिस्टीममध्ये टाकताना ती अर्थातच रोमन.

पुस्तक कुठलं आणि कुठल्या तारखेचं

अमेरिकेतल्या क्लेमसाठी आयसीडी-१०-सीएम, म्हणजे आजार आणि लक्षणांच्या कोडचं पुस्तक, लागतं. ते तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० हे त्याचं मूळ, पण दोन्ही एक नाहीत. मूळ आवृत्तीत एन५०.८ (पुरुषांच्या जननेंद्रियांचे इतर विकार) पाशी गोष्ट संपते, सीएममध्ये तिथून पुढे आणखी अंक आहेत. गुगलवर पहिलं दिसलेलं पान उघडून कोड उचलणाऱ्यांची फसगत इथेच होते.

पुस्तक दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलतं, कधी १ एप्रिललाही भर पडते. आपण चार्ट कधी उघडला याला महत्त्व नाही. रुग्ण ज्या दिवशी डॉक्टरांना भेटला (अॅडमिट असेल तर ज्या दिवशी डिस्चार्ज झाला), त्या दिवशी जे पुस्तक लागू होतं तेच वापरायचं. वृषणाच्या दुखण्याला बाजूनुसार वेगळे कोड १ ऑक्टोबर २०१६ पासून मिळाले. त्याआधी सगळं एन५०.८ मध्ये जायचं. ताजं उदाहरण आर१०.२ चं आहे. ओटीपोट आणि पेरिनियमच्या (जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेच्या) दुखण्याचा हा कोड बरीच वर्षं चार अंकीच पूर्ण होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे बाजूनुसार तुकडे झाले: आर१०.२० बाजू न सांगितलेलं, आर१०.२१ उजवं, आर१०.२२ डावं, आर१०.२३ दोन्हीकडचं, आणि आर१०.२४ सुप्राप्युबिक, म्हणजे जघनास्थीच्या वरचं, दुखणं. सप्टेंबर २०२५ ची भेट आणि ऑक्टोबर २०२५ ची भेट, तक्रार एकच असली तरी कोड वेगळा.

क्रमही पाळायचा. आधी अल्फाबेटिक इंडेक्समध्ये (शब्दांची वर्णानुक्रमे यादी) शब्द शोधा, मग टॅब्युलर लिस्टमध्ये (कोडच्या क्रमाने यादी) जाऊन कोड तपासा. सॉफ्टवेअरच्या सर्च बॉक्समधून थेट कोड घेतला तर टॅब्युलरमधल्या ‘कोड फर्स्ट’ (दुसरा कोड आधी द्या), ‘यूज अॅडिशनल कोड’ (आणखी एक कोड जोडा), ‘एक्सक्लूड्स’ (यात हे धरू नका) या सूचना नजरेतून सुटतात. या विषयात त्या सूचनांवर बरंच अवलंबून आहे.

पायरी पहिली: चार्ट खालून नव्हे, वरून वाचा

घाईत असलेला कोडर थेट असेसमेंटवर, म्हणजे नोटच्या शेवटी डॉक्टरांनी लिहिलेल्या निष्कर्षावर, उतरतो. तिथे ‘पेन’ असं लिहिलेलं असलं की एखादा अनस्पेसिफाइड (तपशील न सांगणारा) कोड देतो आणि पुढे जातो. असेसमेंट महत्त्वाचंच, निदान तिथूनच घ्यायचं. पण जागा, बाजू, किती दिवसांचं, कशामुळे हे बहुतेक वेळा वर, एचपीआय (डॉक्टरांनी लिहिलेली आजाराची हकिगत) आणि तपासणीत लिहिलेलं असतं.

ट्रायाज नर्सनी, म्हणजे रुग्ण आल्या आल्या त्याला पाहणाऱ्या नर्सनी, लिहिलेली मुख्य तक्रार आणि डॉक्टरांनी लिहिलेली हकिगत जुळत नाही, हा या विषयात रोजचा अनुभव आहे. कारण उघड आहे. काउंटरवर, रांगेत, कधी आईसमोर किंवा बायकोसमोर ‘अंडकोश दुखतोय’ असं पुरुष सहजासहजी सांगत नाहीत. जांघेत दुखतंय म्हणतात, पोटात दुखतंय म्हणतात. तेरा-चौदा वर्षांची मुलं तर पोटावरच हात ठेवतात. त्यात वृषणाचं दुखणं खरोखर पोटात जाणवतंही, कारण गर्भात वृषण पोटातच तयार होतात आणि खाली उतरताना नसा-रक्तवाहिन्या सोबत घेऊन येतात. उलटही होतं. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याची कळ वृषणापर्यंत उतरते. अशा रुग्णाच्या नोटमध्ये ‘टेस्टिक्युलर पेन’ असतं आणि सीटी स्कॅननंतरचं निदान खडा असतं, म्हणजे एन२०.१. तिथे दुखण्याचा कोड वेगळा द्यायचा नाही.

म्हणून ट्रायाजवर ‘ग्रॉइन पेन’ (जांघेतलं दुखणं) दिसलं की थांबू नका. इंडेक्समध्ये ‘पेन, ग्रॉइन’ शोधलं तर ते खालच्या पोटाच्या दुखण्याकडे पाठवतं, म्हणजे आर१०.३ च्या घरात. डॉक्टरांनी खाली ‘डाव्या वृषणात दुखणं, स्पर्शाला हळवं’ असं लिहिलं असेल तर आर१०.३२ देणं चूक आहे. दोन कोड वेगळ्या प्रकरणांतले, वेगळ्या अवयवांचे.

पायरी दुसरी: जागा

जागा ठरली की निम्मं काम झालं.

वृषण: एन५०.८११ उजवा, एन५०.८१२ डावा, एन५०.८१९ बाजू न सांगितलेला. वृषणकोशाचं, म्हणजे बाहेरच्या पिशवीचं दुखणं: एन५०.८२. याला बाजू नाही. शिश्नाचं दुखणं: वेगळा कोड नाही, इंडेक्स एन४८.८९ कडे नेतं. पुरुषाच्या जननेंद्रियात दुखतंय एवढंच लिहिलंय, अवयव सांगितलेला नाही: एन५०.८९. वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेतलं दुखणं: आर१०.२ खाली. वीर्यस्खलनाच्या वेळी दुखतं असं निदान लिहिलं असेल तर त्याला स्वतःचा कोड आहे, एन५३.१२. लघवीला जळजळ म्हणजे आर३०.०, आणि ते शिश्नाच्या दुखण्यापेक्षा वेगळं लक्षण आहे. दोन्ही लिहिलेली असतील आणि कारण सापडलेलं नसेल तर दोन्ही द्या.

‘स्क्रोटल’ आणि ‘टेस्टिक्युलर’ हे शब्द बरेच डॉक्टर एकमेकांऐवजी वापरतात. आपण तसं करायचं नाही. असेसमेंटमध्ये ‘स्क्रोटल पेन’ आणि तपासणीत ‘उजवा वृषण स्पर्शाला हळवा’ असेल तर एन५०.८११ देण्याचा मोह होतो. पण निदान डॉक्टरांनी लिहिलंय ते वृषणकोशाचं आहे, तपासणीतली खूण हे निदान नाही. एन५०.८२ द्या, किंवा क्लायंटची पद्धत परवानगी देत असेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवा.

कोड अवयवाचा असतो. रुग्णाच्या नोंदीत लिंग ‘स्त्री’ असं आहे आणि निदान वृषणाचं आहे, असा चार्टही येतो. ट्रान्सजेंडर रुग्ण असतात. सिस्टीम एडिट (विसंगतीचा इशारा) दाखवते म्हणून कोड बदलून टाकू नका, टीम लीडकडे न्या. क्लेमवर ते कसं दाखवायचं याची रीत ठरलेली असते.

पायरी तिसरी: बाजू

दोन्ही वृषण दुखत असतील तर? बाजूंचे कोड असलेल्या कित्येक निदानांना ‘दोन्हीकडचं’ असाही एक कोड असतो. इथे नाही. म्हणून एन५०.८११ आणि एन५०.८१२ दोन्ही द्यायचे. एन५०.८१९ देणं म्हणजे बाजू माहीत नाही असं सांगणं, आणि ते खोटं ठरतं.

असेसमेंटमध्ये बाजू नसेल तर लगेच अनस्पेसिफाइडवर जाऊ नका. कोडिंगच्या अधिकृत गाइडलाइननुसार निदान डॉक्टरांनीच लिहिलेलं हवं, पण बाजू नर्ससारख्या इतर क्लिनिशियनच्या नोंदीतूनही घेता येते. नोंदी एकमेकींना छेद देत असतील, एचपीआयमध्ये डावा आणि तपासणीत उजवा असेल, तर मात्र आपण बहुमत मोजत बसायचं नाही. क्वेरी डॉक्टरांनाच. वृषणाच्या बाबतीत बाजूची चूक किती महागात पडू शकते हे वेगळं सांगायला नको.

पायरी चौथी: कारण सापडलंय का?

आउटपेशंट आणि इमर्जन्सीच्या भेटीत ‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’, ‘लाइकली’ असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. त्या दिवशी जेवढं नक्की कळलं तेवढंच द्यायचं, आणि ते बहुतेकदा लक्षण असतं. अॅडमिट झालेल्या रुग्णाच्या हॉस्पिटल क्लेमला उलटा नियम आहे. डिस्चार्जच्या वेळीही ‘प्रोबेबल’ असंच राहिलं असेल तर ते असल्यासारखं कोड करतात. नियम एकाच गाइडलाइनच्या पुस्तकात आहेत, पण विभाग वेगळे. नवीन लोक एका क्यूमधून दुसरीत गेले की इथे घोळ होतो.

एक चार्ट जवळून पाहू. समजावण्यासाठी रचलेला आहे, पण असे चार्ट येतात.

सोळा वर्षांचा मुलगा, पहाटे इमर्जन्सीत. ट्रायाज: खालच्या पोटात दुखतंय, दोनदा उलटी. एचपीआय: तीन तासांपूर्वी झोपेतून दुखूनच जाग आली, विचारल्यावर डावा वृषण दुखतो असं सांगितलं. तपासणी: डावा वृषण वर चढलेला, कडक, सुजलेला, क्रेमास्टेरिक रिफ्लेक्स (मांडीला आतून स्पर्श केल्यावर वृषण वर खेचला जाणं) नाही. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी): डाव्या वृषणाला रक्तप्रवाह दिसत नाही. इम्प्रेशन: डाव्या वृषणाला टॉर्शन, म्हणजे पीळ. युरॉलॉजिस्टनी थेट ऑपरेशनला घेतलं. ऑपरेशन नोट: इंट्राव्हजायनल टॉर्शन (वृषणाच्या आवरणाच्या आत पडलेला पीळ), दोन पूर्ण वेढे, पीळ सोडवला, रंग परत आला, दोन्ही वृषण टाके घालून स्थिर केले.

इमर्जन्सी डॉक्टरांच्या क्लेमवर एन४४.००, कारण त्यांनी पिळाचा प्रकार लिहिलेला नाही. सर्जनच्या क्लेमवर एन४४.०२, कारण त्यांनी तो डोळ्यांनी पाहून लिहिला. पोटात दुखणं, वृषणात दुखणं, उलटी: काहीच वेगळं द्यायचं नाही, ती टॉर्शनचीच लक्षणं आहेत. बाजू कोडमध्ये शोधू नका. दुखण्याच्या कोडला बाजू आहे आणि टॉर्शनच्या कोडला नाही, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उलटं वाटतं, पण पुस्तक तसंच आहे. सर्जरीला ५४६०० (सीपीटी, म्हणजे प्रोसीजरच्या वेगळ्या यादीतला कोड). त्याच्या वर्णनातच दुसऱ्या बाजूचं फिक्सेशन धरलेलं आहे, म्हणून ५४६२० वेगळा लावायचा नाही.

आता याच चार्टमध्ये एक बदल करा. छोटं हॉस्पिटल आहे, रात्री सोनोग्राफी नाही. डॉक्टरांनी लिहिलं: ‘डाव्या वृषणात दुखणं, टॉर्शनची दाट शंका, तातडीने मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं.’ लक्षणं तीच, मुलगा तोच. पण कोड एन५०.८१२, आणि उलटीची नोंद आहे म्हणून तिचा आर११ मधला कोड. टॉर्शन नाही. वैद्यकीय शिक्षण असलेल्या कोडरला हे सगळ्यात जड जातं. वर चढलेला वृषण, रिफ्लेक्स नाही, उलटी, सूज, कडकपणा: टॉर्शनसाठी डॉक्टर वापरतात त्या ट्विस्ट स्कोअरचे पाचही मुद्दे तिथे हजर आहेत, सातपैकी सात गुण. आपल्याला कळतं, तरी लिहायचं नाही. डॉक्टरांनीही निष्काळजीपणा केलेला नाही. त्यांच्याकडे त्या क्षणी जेवढं होतं तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आणि मुलाला वेळेत पुढे पाठवलं. पीळ पडल्यापासून सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. त्या धावपळीत लिहिलेल्या नोटचा मान राखायचा.

टॉर्शनबद्दल आणखी एक. लहान मुलांमध्ये वृषणाला लागून असलेल्या चिमुकल्या अवशेषालाही पीळ पडतो. तपासणीत कधी कधी त्वचेतून निळा ठिपका दिसतो. तो एन४४.०३. मुख्य वृषणाचा पीळ आणि हा, दोन्हींच्या नोटमध्ये ‘टॉर्शन’ शब्द असतो, म्हणून शब्दापुढचा शब्दही वाचा.

संसर्ग असेल तर

एपिडिडिमायटिस (वृषणामागच्या नळीचा दाह) एन४५.१, ऑर्कायटिस (वृषणाचा दाह) एन४५.२, दोन्ही एकत्र एन४५.३, गळू झालं असेल तर एन४५.४. डॉक्टरांनी ‘एपिडिडिमो-ऑर्कायटिस’ लिहिलं तर एन४५.१ आणि एन४५.२ अशी जोडी देऊ नका, एन४५.३ त्यासाठीच आहे. या चारही कोडना बाजू नाही.

एन४५ खाली जंतूचा कोड जोडायची सूचना आहे. ई. कोलाय असेल तर बी९६.२०. पण लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय दिसला एवढ्यावर ते जोडता येत नाही, डॉक्टरांनी ‘ई. कोलायमुळे’ असा संबंध लिहायला हवा. लॅब रिपोर्ट हा पुरावा असतो, निदान नसतं. काही जंतू तर एन४५ मध्ये राहतच नाहीत, त्यांचं घर पहिल्या प्रकरणात आहे. गोनोकॉकल एपिडिडिमायटिस ए५४.२३, क्लॅमिडियाचा ए५६.१९, क्षयाचा ए१८.१५, गालगुंडातून झालेला ऑर्कायटिस बी२६.०. इंडेक्समध्ये ‘एपिडिडिमायटिस’ खालचे उपशब्द शेवटपर्यंत वाचले की हे आपोआप सापडतं.

आणि हे मनापासून सांगते. एचपीआयमध्ये लैंगिक संबंधांचा इतिहास असतो, डॉक्टर दोन्ही शक्यता धरून औषध देतात, टेस्ट पाठवतात. रिपोर्ट यायचा असतो. अशा वेळी लैंगिक संसर्गाचा कोड स्वतःच्या तर्काने लावला, तर तो माणसाच्या नोंदीत कायमचा चिकटतो, विमा कंपनीच्या पत्रावर छापून घरी जातो. औषध दिलं म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही. नक्की निदान लिहिलेलं दिसल्याशिवाय त्या प्रकरणात पाऊल टाकू नका.

मार लागला असेल तर

खेळताना चेंडू लागला, सायकलच्या दांडीवर आपटला, मारामारीत लाथ बसली. डॉक्टरांनी वृषणकोश किंवा वृषणाला ‘कंट्यूजन’ (मुका मार) लिहिलं तर एस३०.२२, शिश्नाला असेल तर एस३०.२१. हे कोड सात अंकी पूर्ण होतात, मधल्या रिकाम्या जागेत एक्स: एस३०.२२एक्सए. शेवटचं ए म्हणजे पहिली भेट असं नवीन लोक समजतात. तसं नाही. दुखापतीवर सक्रिय उपचार चालू आहेत तोवर ए, भले डॉक्टर बदलले असोत. भरून येण्याच्या काळातली तपासणी असेल तर डी, जुन्या दुखापतीचा उरलेला त्रास असेल तर एस. शिश्नाच्या ‘फ्रॅक्चर’ला एस३९.८४० आहे, तोही सातव्या अक्षरासह. दुखापतीचा कोड दिला की दुखण्याचा वेगळा नको. पण नोटमध्ये फक्त ‘चेंडू लागला, डावा वृषण दुखतोय, तपासणी नॉर्मल’ एवढंच असेल आणि दुखापतीचं निदान नसेल, तर एन५०.८१२ वरच थांबा. कसं लागलं, कुठे लागलं यांचे बाह्य कारणांचे कोड अमेरिकेत देशभर सक्तीचे नाहीत, राज्य किंवा पेअर (क्लेमचे पैसे देणारी विमा कंपनी किंवा योजना) मागत असेल तर द्यावे लागतात. क्लायंटच्या सूचना पाहा.

दुखणं मुरलं असेल तर: जी८९

जी८९ चे कोड दुखण्याचा प्रकार सांगतात: अॅक्यूट (नुकतं सुरू झालेलं), क्रॉनिक (दीर्घकाळचं), शस्त्रक्रियेनंतरचं, कॅन्सरमुळे झालेलं. जागा सांगत नाहीत. म्हणून ते जागेच्या कोडसोबत येतात. दोन प्रश्न विचारायचे. मूळ कारण माहीत आहे का? आणि रुग्ण आज त्या कारणाच्या उपचारासाठी आलाय की नुसतं दुखणं आटोक्यात आणायला? कारण माहीत असेल आणि भेट त्याच्याच उपचाराची असेल तर जी८९ नको. भेटच दुखणं कमी करण्यासाठी असेल, पेन क्लिनिकमध्ये ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) घ्यायला आला असेल, तर जी८९ पहिला आणि जागेचा दुसरा. एरवी जागेचा पहिला आणि प्रकार सांगायला जी८९ मागून.

‘क्रॉनिक’ म्हणायला किती महिने लागतात हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. गाइडलाइनमध्ये मुदत दिलेली नाही. डॉक्टरांनी क्रॉनिक लिहिलं तर क्रॉनिक. ‘आठ महिन्यांपासून दुखतंय’ एवढ्यावर आपण ते ठरवायचं नाही.

नसबंदीनंतर काही पुरुषांना वृषणात दुखणं राहून जातं. त्याला पोस्ट-व्हॅसेक्टमी पेन सिंड्रोम म्हणतात, पण त्याच्या नावाचा स्वतंत्र कोड नाही. डॉक्टरांनी ते नसबंदीमुळेच आणि क्रॉनिक आहे असं लिहिलं असेल तर जी८९.२८, सोबत एन५०.८१ मधला बाजूचा कोड, आणि नसबंदी झालेली आहे हे सांगायला झेड९८.५२. यातला ‘मुळे’ डॉक्टरांच्याच हातचा हवा. दहा वर्षांपूर्वी नसबंदी झाली आणि आता दुखतंय, एवढ्याने शस्त्रक्रियेचं दुखणं होत नाही. मग एन५०.८१ आणि झेड९८.५२ एवढंच. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं लिहिलंय पण अॅक्यूट की क्रॉनिक ते नाही, तर डीफॉल्ट अॅक्यूट. आणि ऑपरेशननंतर लगेचचं, अपेक्षित असं दुखणं वेगळं कोड करतच नाहीत.

प्रोस्टेटकडून येणारं दुखणंही याच क्यूमध्ये भेटतं. क्रॉनिक प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेटचा जुना दाह) एन४१.१, प्रोस्टॅटोडायनिया (प्रोस्टेटचं दुखणं) एन४२.८१. निदानाचा शब्द जसाच्या तसा इंडेक्समध्ये शोधा, एकाऐवजी दुसरा चालवू नका.

शिश्नाबाबत थोडक्यात. दुखण्याचं कारण लिहिलेलं असेल तर एन४८.८९ सोडा. प्रायापिझम (शिश्नाचा न उतरणारा ताठरपणा) एन४८.३ खाली कारणानुसार फुटतो. दुसऱ्या आजारामुळे असेल, उदाहरणार्थ सिकल सेल, तर तो आजार पहिला. औषधामुळे असेल तर औषधाचा कोड जोडा. पेरोनी डिसीज (शिश्न वाकडं होणं) एन४८.६, बॅलनायटिस (शिश्नाग्राचा दाह) एन४८.१, पॅराफायमोसिस (मागे सरकून अडकलेली अग्रत्वचा) एन४७.२. आणि वृषणकोशाच्या दुखण्यात ‘फोर्निए गँगरिन’ (या भागातल्या ऊती झपाट्याने सडवणारा संसर्ग) हे शब्द दिसले तर एन४९.३. या रुग्णांच्या जिवावर बेतलेलं असतं, नोट लांब असते, सेप्सिस आणि मधुमेहाचे कोडही असतात. घाई करू नका.

क्वेरी कशी लिहायची

नोटमध्ये जे नाही ते डॉक्टरांना विचारायचं, सुचवायचं नाही. ‘डॉक्टर, हे एपिडिडिमायटिस आहे ना?’ ही क्वेरी नियमबाह्य. अशी लिहा: ‘१२ तारखेच्या नोटमध्ये वृषणकोशात दुखणं, तपासणीत उजव्या वृषणाच्या मागच्या बाजूला हळवेपणा, अल्ट्रासाउंडमध्ये उजव्या एपिडिडिमिसला रक्तप्रवाह वाढलेला, आणि दहा दिवसांचं अँटिबायोटिक अशी नोंद आहे. हे उपचार कुठल्या निदानासाठी आहेत ते आपल्या वैद्यकीय मतानुसार नोंदवावं.’ पर्याय देणार असाल तर वैद्यकीयदृष्ट्या पटणारे एकाहून अधिक द्या, सोबत ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही ठेवा. पैशांचा, डिनायलचा (क्लेम नाकारला जाण्याचा) उल्लेख क्वेरीत कुठेही नको.

अल्ट्रासाउंडचा रिपोर्ट कुणाच्या क्लेमसाठी वाचतोय हेही पाहा. रेडिऑलॉजिस्टचा क्लेम असेल आणि कोडिंगच्या वेळी अंतिम रिपोर्ट हाती असेल, तर त्यातलं नक्की निदान घेता येतं. रिपोर्टमध्ये फक्त ‘छोटा हायड्रोसिल’ (वृषणाभोवती साठलेलं पाणी) असेल आणि दुखण्याशी त्याचा संबंध कुणीच लावलेला नसेल, तर तपासणी ज्यासाठी झाली ते दुखणं पहिलं, हायड्रोसिल मागून.

या चार्टमधला एकही तपशील टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, नाव झाकूनसुद्धा नाही. अमेरिकेच्या हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार कामापुरतीच माहिती पाहायची, आणि शंका कंपनीच्या आतल्या चॅनेलवरच विचारायची. नव्या मुलींना सुरुवातीला हे चार्ट वाचताना अवघडायला होतं, मुलं कधी कधी हसण्यावारी नेतात. दोन्ही काही आठवड्यांत जातं. शेजारच्या खुर्चीत हे शब्द मोठ्याने, सरळ उच्चारणारा एक सीनियर असला की लवकर जातं.

डिनायल आलं तर

ठरलेला प्रकार असा: वृषणकोशाचा अल्ट्रासाउंड, ७६८७०, पेअरने नाकारला. कारण, दिलेल्या निदानावरून तपासणीची गरज दिसत नाही. उघडून पाहिलं तर क्लेमवर आर१०.९, पोटात दुखणं, कारण कुणीतरी ट्रायाजची ओळ उचलली होती. डॉक्टरांच्या नोटमध्ये ‘डाव्या वृषणात दुखणं’ स्वच्छ लिहिलेलं आहे. एन५०.८१२ लावून दुरुस्त क्लेम पाठवायचा, नोट जोडायची. त्याच अल्ट्रासाउंडसोबत डॉपलरचा ९३९७५ किंवा ९३९७६ लावलेला असेल तर रक्तप्रवाहाच्या तपासणीची स्वतंत्र नोंद रिपोर्टमध्ये आहे का तेही तेव्हाच बघा. नोटमध्ये नसलेला एपिडिडिमायटिस टाकून क्लेम पास करून घ्यावा असं कुणी सुचवलं, अगदी वरच्या माणसाने सुचवलं तरी, तो बदल करू नका. ईमेलवर लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.